मधला माणूस

कोकणातल्या घरात एकदा आलेली वस्तू बाहेर जात नाही. माणसं जातात, मुंबईला जातात, दुबईला जातात, अगदी वरसुद्धा जातात, पण वस्तू राहते. आमच्या मालवणच्या घराच्या माळ्यावर गॅसबत्तीचे तीन सांगाडे आहेत, काटा नसलेला एक तराजू आहे आणि एका छत्रीची मूठ आहे. छत्री कधी गेली ते कुणालाच आठवत नाही, पण मूठ मात्र ‘आसांदे, लागात कधीतरी’ या कलमाखाली आजवर सुरक्षित आहे. त्यामुळे गेल्या मे महिन्यात काकीचा फोन आला, "काकांचो तो कॉम्प्युटर माळ्यावरसून खाली काढलंय, तू येवन बघ," तेव्हा तो कॉम्प्युटर अजून घरात आहे याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते खाली काढण्याचं.

हा कॉम्प्युटर मीच नेऊन दिलेला. आमचे भाऊकाका शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना लिहिण्याचा नाद लागला. तेव्हा मुंबईतल्या एका हापिसाने निकालात काढलेला लॅपटॉप मी १९९९ साली स्वस्तात मिळवला आणि कोकण रेल्वेतून मांडीवर घेऊन कुडाळला उतरलो. लॅपटॉप म्हणजे मांडीवर घ्यायचा कॉम्प्युटर, असं मी तोवर समजत होतो. माणगाव येईपर्यंत दोन्ही मांड्यांना मुंग्या आल्या आणि तो मांडीवर न घेण्याचा कॉम्प्युटर आहे हे कळलं. १९९६ च्या सुमाराचा, विंडोज ९५ चा, रंगाने करडा, स्वभावाने मास्तरांना शोभेल असा हट्टी.

काका संध्याकाळी बंदरावर जाऊन बसत. तिथे एक म्हातारा तांडेल यायचा. होडी सुटलेली, पण समुद्र सुटला नव्हता. काका त्याला विचारत, वहीत पेन्सिलीने उतरवून घेत आणि रात्री जेवणं झाल्यावर दोन बोटांनी टाइप करत. वाऱ्यांची नावं, उधाणाच्या आणि भांगाच्या भरतीचे हिशेब, पाण्याखालचे खडप, रापण ओढताना कुणी कुठे उभं राहायचं... सात वर्षं हे चाललं. मग आधी तांडेल गेला आणि २००७ साली काका गेले. वह्या घरात होत्या. त्या आमच्यापैकी कुणी वाचल्या नाहीत. वाळवीने मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढल्या.

"आताच कित्याक आठवण झाली तुका?" मी काकीला विचारलं.

"त्या तांडेलाचो नातू इल्लो. तारकर्लीक पर्यटकांची होडी चालवता. म्हणता, आजोबांचो एक फोटूसुदीक आमच्याकडे नाय, मास्तरांनी कायतरी लिवलेला आसात तर बघा. मी त्याका शब्द दिलंय."

काकीने शब्द दिला म्हणजे विषय संपला. ब्रिटिशांनी १७६५ साली सिंधुदुर्ग किल्ला घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं भारदस्त नाव दिलं आणि वर्षभरात परत केला. काकीने दिलेला शब्द अजून कुणाला परत घेता आलेला नाही.

मी निघालो. बरोबर इंजिनिअर झालेल्या भाच्याला घेतलं. आपल्याकडे कॉम्प्युटरला काहीही झालं की घरातला सर्वांत धाकटा इंजिनिअर पकडतात, मग तो सिव्हिलचा का असेना. हा सिव्हिलचाच होता.

लॅपटॉप ओटीवर ठेवला, वायर लावली, कळ दाबली. आतून गिरणीतला पट्टा घसरल्यासारखा आवाज आला, आणि पडदा उजळला. काकी म्हणाली, "बघ, जिवंत आसा." पडद्यावर तारीख होती १ जानेवारी १९८०. आतली गोळीएवढी बॅटरी संपली की या जातीचे कॉम्प्युटर आपलं वय विसरतात आणि १९८० सालात जाऊन बसतात, कारण त्यांचं कालगणनेचं साल तिथूनच सुरू होतं. आता सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे लॅपटॉपच्या हिशेबाने आम्ही ओटीवर बसलो होतो ते रत्नागिरी जिल्ह्यात! भाच्याला मी हे सांगितलं. तो हसला नाही. हल्लीच्या मुलांना जिल्ह्यावरचे विनोद कळत नाहीत.

पण फायली होत्या. ‘तांडेल १’, ‘तांडेल २’ अशा ओळीने ४१. सगळ्या मिळून दोन मेगाबाइटसुद्धा नाहीत. भाच्याने खिशातला फोन काढून समोरच्या माडाचा फोटो घेतला आणि म्हणाला, "मामा, हा एक फोटो त्याहून मोठा आहे." दोन माणसांची सात वर्षं एका माडात मावत होती. प्रश्न एवढाच होता की ती त्या डब्यातून बाहेर कशी काढायची.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, पेनड्राइव्ह लावा. पण पेनड्राइव्ह लावायला त्याला भोकच नव्हतं. आणि असतं तरी विंडोज ९५ ला पेनड्राइव्ह ही चीज ठाऊक नाही. पुढच्या विंडोज ९८ लासुद्धा प्रत्येक पेनड्राइव्हची त्याच्या त्याच्या ड्रायव्हरने ओळख करून द्यावी लागे. परक्या पाहुण्याला न विचारता पाट मांडणारी घरगुती विंडोज आली ती २००० साली. बरं, फ्लॉपी? एका फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट, दोन फ्लॉप्यांत काम झालं असतं. पण काकीने जपून ठेवलेल्या फ्लॉप्यांवर पंचवीस पावसाळ्यांची बुरशी होती आणि फ्लॉपीच्या खाचेत कुंभारमाशीने घर केलं होतं. तारेने दोन कॉम्प्युटर जोडावेत, तर जुन्याला जे तोंड आहे ते नव्याला नाही. शेवटी भाचा म्हणाला, सरळ हार्ड डिस्क बाहेर काढू. त्याने लॅपटॉप उलटा केला. खाऱ्या वाऱ्याने स्क्रू असे गंजले होते की स्क्रू कुठला आणि गंज कुठला ते ओळखू येईना. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने लांबूनच बघून सांगितलं, "उघडून देतंय. बंद होयत ह्याची गॅरंटी नाय." आणि आतली डिस्क तर दर पाच मिनिटांनी दम्याच्या रोग्यासारखी धाप टाकत होती.

मग डाव्या कडेला एक लांबट फट दिसली. इतकी वर्षं मी तिला वारा यायची जागा समजत होतो.

या फटीचा इतिहास मोठा आहे. १९८९ साली अमेरिकेत कॉम्प्युटरवाल्यांची एक संघटना निघाली. नाव पर्सनल कॉम्प्युटर मेमरी कार्ड इंटरनॅशनल असोसिएशन, म्हणजे पीसीएमसीआयए. ही अक्षरं ओळीने पाठ म्हणणं त्या धंद्यातल्या लोकांनाही जमत नसे, म्हणून त्याच अक्षरांचा ‘कॉम्प्युटरवाल्यांची आद्याक्षरं लोकांना पाठ होत नाहीत’ असा विग्रह इंग्रजीत रूढ झाला होता. या मंडळींनी १९९० साली ठरवलं की प्रत्येक कंपनीने आपापली वेगळी चूल मांडण्यापेक्षा सगळ्या लॅपटॉपना एकच फट असावी. कार्डाची लांबी-रुंदी ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर आपल्या एटीएम कार्डाएवढी, आणि टोकाला ६८ छिद्रं. नावाप्रमाणे ती आधी होती मेमरी कार्डासाठीच. पुढे तिच्यात मोडेम, नेटवर्क असले पोटभाडेकरू राहायला आले आणि मूळ मालक कोण ते लोक विसरले. कोकणात हे नवीन नाही.

तेव्हा एक मेमरी कार्ड आणि ते या फटीत बसवणारं ॲडॅप्टर मिळालं की काम झालं, असं भाच्याने जाहीर केलं. मुंबईतल्या त्याच्या मित्राने लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस फिरून दोन ॲडॅप्टरं मिळवली आणि रात्रीच्या बसने पाठवली.

पहिलं ॲडॅप्टर फटीत जाईचना. अर्ध्यावर जाऊन अडलं. मी म्हटलं, जरा जोर लाव. तेवढ्यात भाच्याला त्याच्या डोक्यावर एक सोनेरी पट्टी दिसली. १९९५ साली या कार्डांची पुढची पिढी आली, तिला कार्डबस म्हणत. ती वेगाने जास्त आणि विजेच्या दाबाने कमी. जुन्या फटीत कुणी चुकून घातली तर जळू नये म्हणून तिची कड मुद्दाम वेगळी कापलेली आणि ओळख म्हणून वर ती सोनेरी पट्टी. म्हणजे अडलं होतं ते शहाणपणाने. मी लावायला सांगितलेला जोर तेवढा बिनशहाणपणाचा होता.

दुसरं ॲडॅप्टर छान बसलं. त्याच्या पोटात फोनमधलं नखाएवढं कार्ड, ते एका टपालतिकिटाएवढ्या खोळीत, आणि ती खोळ या ॲडॅप्टरात, अशी एकात एक तीन भांडी. लॅपटॉपने एकदा ‘पिप’ केलं आणि गप्प बसला. पुन्हा घातलं, पुन्हा गप्प. भाचा रात्रभर वाचत बसला आणि सकाळी कारण घेऊन आला. ते त्याने मला तीनदा सांगितलं, पण मला कळलं ते काकीबरोबर मासळीबाजारात गेल्यावर.

मालवणच्या बाजारात गावाकडची कोळीण मासे देते ते वाट्यावर. पाच बांगड्यांचा एक वाटा, अमुक रुपये. तिला तुम्ही म्हणालात, "पाऊण किलो द्या," तर ती तुमच्याकडे बघते आणि शेजारणीशी बोलायला लागते. तिच्याकडे मासे नाहीत असं नाही, तुमच्या तोंडात पैसे नाहीत असंही नाही. मोजमाप जुळत नाही. कार्डांचं तसंच झालेलं. १९९९ साली तीन कंपन्यांनी मिळून एसडी कार्ड काढलं. त्यात प्रत्येक बाइट सुटा मोजायची पद्धत होती, एकेक मासा मोजल्यासारखी. पण ही मोजणी दोन गिगाबाइटच्या पुढे नीट जाईना, म्हणून २००६ साली मोठी कार्डं आली त्यांनी वाटे घातले. एका वाट्यात ५१२ बाइट, आणि बोलायचं ते वाट्यातच. आमचं ॲडॅप्टर जुन्या मोजणीचं, कार्ड नव्या. एक सुटा मासा मागतंय, दुसरं वाटा पुढे करतंय. शेवटी दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली.

दोन गिगाबाइटच्या आतलं जुनं कार्ड आता कुठे मिळणार? दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, "काका, तेवढ्यात येतं काय?" मी त्याला सांगणार होतो, सात वर्षं येतात. पण नाही सांगितलं.

त्या संध्याकाळी काकीने देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रामेश्वरा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां ह्या यंत्रासमोर बसली हत म्हाराजा..."

"होय म्हाराजा!" मी म्हणालो. भाचा गप्प होता, त्याला कोपराने ढोसलं. "होय महाराजा," तो पुस्तकी मराठीत म्हणाला.

"त्येच्या पोटात आमच्या धन्याचा लिखाण अडकलेला आसा, ता सुखरूप भायर येवंदे, आणि ह्येच्यात कोणी वाकडानाकडा मदी इला आसात तर त्येका बाजूक कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

वास्तविक आमची अडचण उलटी होती. मध्ये वाकडंनाकडं कुणी आलं नव्हतं. मध्ये कुणी येतच नव्हतं. दोन पिढ्यांची ओळख करून देणारा मधला माणूस हवा होता.

तो दुसऱ्या दिवशी सापडला, आणि तो खरंच माणूस होता. बाजारातल्या फोटो स्टुडिओचे मालक. भाच्याच्या वाचनात आलं होतं की त्या फटीशी सर्वांत सरळ बोलणारं कार्ड म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश, आणि ते जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात असे. आम्ही गेलो तेव्हा स्टुडिओ बंद होता. मालवणात दुपारी एक ते चार या वेळात फक्त समुद्र उघडा असतो. म्हणून जेट्टीवर जाऊन बसलो.

समोर किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर पाया घातला आणि तीन वर्षांत उभा केला. आत दरवाजाजवळ दोन लहान घुमट्या आहेत. एकीत महाराजांच्या हाताचा ठसा, दुसरीत पायाचा, चुन्यात उमटलेले. लहानपणी काकांनी मला तिथे उचलून धरून दाखवला होता. मी भाच्याला म्हटलं, "साडेतीनशे वर्षं झाली. त्याला ड्रायव्हर लागत नाही, ॲडॅप्टर लागत नाही. बघितलं की हात." तो म्हणाला, "पण मामा, त्या हाताने काय लिहिलं होतं ते ठशावरून कळतं का?" सिव्हिल इंजिनिअर कधीकधी बरोबर बोलतो.

चार वाजता स्टुडिओ उघडला. मालकांनी आम्हाला नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी मास्तरांचे पुतणे मां? मास्तरांनी माका इतिहासात काठावर पास केल्यानी हुतो." एवढं म्हणून ते आत गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात ‘आसांदे, लागात कधीतरी’ या कलमाखालचा सगळा मुद्देमाल होता: फिल्मचे रिकामे डबे, फ्लॅशचे बल्ब आणि चार-पाच कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डं. कार्डाबरोबर त्याचं ॲडॅप्टरही. एके काळी लग्नाचे फोटो लॅपटॉपवर दाखवायला ते हेच वापरत.

हे कार्ड १९९४ साली अमेरिकेतल्या सॅनडिस्क कंपनीने काढलं. आतली स्मृती फ्लॅश जातीची, म्हणजे वीज गेली तरी न विसरणारी. ही जात शोधली ती १९८० नंतरच्या दशकात, जपानमध्ये तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखी एका झटक्यात सगळी पुसता येते, म्हणून नाव फ्लॅश. म्हणजे जी वस्तू आपण आठवणी जपायला घेतो, तिचं नाव पुसण्याच्या कलेवरून पडलेलं आहे! पण कॉम्पॅक्टफ्लॅशचं शहाणपण वेगळं होतं. नवं कार्ड काढताना त्यांनी नवी भाषा काढली नाही. आकार लहान केला, ६८ टोकांची ५० केली, पण बोलणं ठेवलं ते जुन्या हार्ड डिस्कचंच. त्यामुळे मधल्या ॲडॅप्टराला स्वतःची अक्कल अशी लागतच नाही. त्यात फक्त इकडची तार तिकडे नेलेली असते. लॅपटॉपला वाटतं, आपलीच एक धाकटी डिस्क माहेरपणाला आली आहे.

मालकांनी आधी चार गिगाबाइटचं कार्ड काढून दिलं. आम्ही ते तिथेच, काउंटरवर, लॅपटॉपला लावलं. ‘पिप-पिप!’ दोनदा! आम्ही दोघं उभेच राहिलो. पडद्यावर नवा ड्राइव्ह दिसला. भाच्याने उघडायला गेला तर प्रश्न आला: ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करू का? होय की नाही?

भाच्याचं बोट ‘होय’वर गेलं होतं. मालक ओरडले, "आवशीक खाव! त्येच्यात आचऱ्याच्या लग्नाचे फोटू आसत!"

कार्ड चांगलं फॉरमॅट केलेलं होतं, पण फॅट ३२ या पद्धतीने. ती पद्धत विंडोज ९५ च्या १९९६ मधल्या सुधारलेल्या आवृत्तीत आली. काकांच्या लॅपटॉपवर होती पहिली आवृत्ती. तिला न कळणारं जे जे काही, ते तिच्या लेखी कोरं. आणि कोरं म्हणजे पुसायला मोकळं. असे अधिकारी मी हापिसात पुष्कळ पाहिले आहेत.

मग डब्याच्या तळातून १२८ मेगाबाइटचं कार्ड निघालं. ‘पिप-पिप.’ ड्राइव्ह दिसला. उघडला. उघडला! ४१ फायली निवडल्या आणि इकडून तिकडे सोडल्या. पडद्यावर कागदाची पानं एका फोल्डरातून दुसऱ्यात उडायला लागली. आतली डिस्क धापा टाकत होती. एकतिसाव्या फायलीवर तिने श्वास धरला. पाच सेकंद, दहा सेकंद. मालकांनी गल्ल्यावरच्या गणपतीकडे पाहिलं. भाचा हळूच म्हणाला, "होय म्हाराजा." या वेळी मालवणीत म्हणाला. डिस्क खोकली, आणि पानं पुन्हा उडायला लागली.

घरी येऊन फायली माझ्या नव्या लॅपटॉपवर उघडल्या. काकी चष्मा लावून शेजारी बसली. पडद्यावर मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, टोप्या, मध्ये पौंडाची खूण, टक्केवारी. "ह्या काय लिवल्यानी?" काकीने विचारलं. तिचा आवाज मी पहिल्यांदाच एवढा बारीक ऐकला.

आमच्या माळ्यावर एक ट्रंक आहे. तिच्यात आजोबांच्या आजोबांचे मोडी कागद आहेत. कागद शाबूत, शाई काळीभोर, पण घरात वाचणारा कुणी नाही. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारदरबारी चालत होती. मग शाळेतून गेली, आणि दोन पिढ्यांत घराचे दस्त घरच्यांना चिनी झाले. इथे तर एकाच पिढीत तसं झालं होतं. त्या काळच्या कॉम्प्युटरवर मराठीला स्वतःची जागाच नव्हती. असलेली २५६ घरं इंग्रजीच्या नावावर. मराठी फॉन्टवाले त्याच घरांत अक्षरांची चित्रं बसवत, आणि प्रत्येकाची बसवण्याची तऱ्हा निराळी. तो फॉन्ट असेल तर ‘क’ दिसणार, नसेल तर मूळ घरमालक दार उघडणार. पुढे युनिकोड आलं. त्यात १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीपासून देवनागरीला पक्की घरं आहेत. ‘क’चा घर नंबर २३२५, जगात कुठेही. पण आमच्या काकांपर्यंत ते पोचायचं होतं.

पुन्हा स्टुडिओत. पुन्हा तेच कार्ड, आणि या वेळी लॅपटॉपच्या पोटातून तो फॉन्ट काढून आणला. नव्या लॅपटॉपवर बसवला आणि एका क्षणात सगळं पान मराठी झालं. ते पुढे युनिकोडात उतरवायला भाच्याने एक प्रोग्रॅम वापरला. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी ठेवलेली असते, नवीत नंतर. त्या गोंधळात ‘किल्ला’चा ‘कल्लिा’ झाला आणि ‘शिडा’चा भलताच काही झाला. तीन रात्री बसून मी ते हाताने दुरुस्त केलं. त्या दुरुस्तीच्या निमित्ताने का होईना, काकांनी लिहिलेलं मी पहिल्यांदा वाचलं. २००६ पर्यंत मी दरवर्षी मालवणला जात होतो. काका दरवर्षी विचारत, "वाचतोस काय थोडा?" मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. तेव्हा त्याला ना कार्ड लागत होतं ना ॲडॅप्टर. नुसती खुर्ची ओढायला हवी होती.

रविवारी तांडेलाचा नातू आला. उन्हाने रापलेला, चाळिशीचा, एका हातात फोन, दुसऱ्यात काकीसाठी कर्ली. मी छापलेले कागद दिले. तो उभ्यानेच चाळायला लागला. एके ठिकाणी दोन टेकड्या एका रेषेत दिसल्या की पाण्याखाली खडप आहे, डावी धरा, असं होतं. तो हसला. "हो खडप आमी आता जीपीएसार बघतंव. म्हाताऱ्याक डोळ्यानी दिसा." मग तो तेविसाव्या फायलीपाशी आला आणि ओट्याच्या पायरीवर बसला. ती फाईल मला पाठ झाली होती, कारण तिच्यात वेलांट्या फार होत्या.

तिथे काकांनी तांडेलाचं बोलणं जसंच्या तसं घातलं होतं. ‘नातू माझ्या मांडयेर बसान सुकाणाक हात लावता. उद्या तो दर्यात जायत. तेव्हा माका इचारूक येवचो, पण मी खंय आसतलंय? म्हणान मास्तरांनू, तुमी लिवा.’

नातू बराच वेळ काही बोलला नाही. काकी आत जाऊन पाणी घेऊन आली. मग तो उठला, कागद नीट जुळवले आणि मला विचारलं, "ह्येची झेरॉक्स गावात?"

"ता तुझाच आसा," काकी म्हणाली.

आता या ४१ फायली तीन ठिकाणी ठेवल्या आहेत आणि एक प्रत कागदावर. ती कागदाची प्रत काकीने मोडी कागदांच्या ट्रंकेत, सर्वांत वर ठेवली. ठेवताना तिने विचारलं, "ह्या वाचूक पण माणूस शोधूक लागात काय रे पुढे?" मी म्हटलं, "नाय गो, चष्मो पुरो." पण तेवढ्यावर मला झोप लागेना. म्हणून भाच्याला सांगून ठेवलंय, दर दहा वर्षांनी हे सगळं त्या वेळचं जे काही असेल त्यावर उतरवून काढायचं, आणि उतरवताना वाचायचं. तो म्हणाला, "होय म्हाराजा."

स्टुडिओच्या मालकांना ते १२८ मेगाबाइटचं कार्ड परत द्यायला गेलो, तर त्यांनी घेतलं नाही. ते ॲडॅप्टरासकट माळ्यावर आहे. छत्रीच्या मुठीशेजारी.